उकंडा आणि पेंटय्या

पाचव्या दिवशी सकाळी पोरानं दूध ओढणं सोडलं. आधीचे दोघे असेच गेले होते, बाराव्याच्या आत, माझ्या माहेरी वरोऱ्याकडे. म्हणून या खेपेला यांनी मला सिरोंच्यालाच ठेवून घेतलं. हे जंगल खात्यात नाकेदार होते. इथे दवाखाना आहे, नर्सबाई आहे, असं त्यांचं म्हणणं. नर्सबाई येऊन बघून गेली, पाजत राहा म्हणाली. मी पाजत होते. तो ओठ मिटून पडला होता.

उशाशी आईचं कार्ड होतं. माझी शाळा चौथीत सुटली, पण तेवढं वाचता येत होतं. तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, "पोरगा झाला तं उकंड्यावर ठेवजो. नावबी उकंडाच ठेवजो. तुह्या भावाले असाच वाचवला."

आमच्याकडे उकंडा म्हणजे उकिरडा. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे नवं बाळ सुपात घालून शेणाच्या ढिगावर ठेवायचं. परक्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घ्यायचं. फेकलेल्या वस्तूवर यमसुद्धा डोळा कशाला ठेवेल? आमच्या एका आळीत चार उकंडे होते. एकाला हाक मारली की भलताच ओ द्यायचा. माझा भाऊ वर्गात शिरला की पोरं नाक दाबत. तो रडत घरी आला की आई म्हणे, "रडून राह्यला? रडाले जिता तं हायेस!"

कार्ड वाचून हे हसले होते. "नाकेदाराचा पोरगा उकंडा? मले लोक काय म्हणतीन? राजेंद्र ठेवू." आणि नाक्यावर सगळ्यांना ते नाव सांगूनही टाकलं. मला त्याचीच धास्ती बसली होती. पाळण्याआधीच एवढं मोठं नाव चारचौघांत बोललं गेलं होतं.

त्या सकाळी हे जंगलात फेरीवर गेले होते. शेजारी अक्का, नदीवर मासे धरणाऱ्यांच्या घरची. तिची भाषा तेलुगू, मराठी तुटकी. पाच दिवस माझं अंघोळीचं पाणी तिनंच तापवलं होतं, ताटही तिच्याच घरून यायचं. तिला सांगायची मला लाज वाटत होती. ही हसली तर या गावात मला दुसरं कोण होतं? शेवटी मी पोराकडे बोट केलं, मग परसातल्या ढिगाकडे.

ती हसली नाही. "पेंट?" तिनं विचारलं आणि छातीवर हात ठेवला. "माझा मोठा भाऊ पेंटय्या. नदीवर जा, पेंटय्या म्हण, तीन डोंगे थांबते!" पेंट म्हणजे तिच्याकडचा उकिरडाच. माझा जीव थोडा भांड्यात पडला, आणि रडू आलं.

"आत्ता ठेव," ती म्हणाली. "मी गल्लीतून येतो, परकी होऊन. तू मागे पाहू नको."

मी सूप ढिगावर ठेवलं आणि दाराकडे तोंड करून उभी राहिले. मागे कोंबड्या शेण उकरत होत्या. अक्काची पावलं ऐकू येईनात. गल्लीत गुरं निघाली होती, तिथे ती अडकली होती, हे नंतर कळलं. तेवढ्यात सायकल पडल्याचा आवाज आला. यांचं मन लागेना म्हणून हे अर्ध्या वाटेतून परतले होते.

"अवं, काय करून राह्यली तू? पोरगं शेणात?"

"हात नका लावू!" मी दाराकडे बघतच ओरडले. "बापानं उचललं तं सारंच गेलं!"

त्यांनी उचललं की काय, कळेना. मान वळवायची नव्हती.

"ए नाकेदार, बाजूला हो!" अक्काचा आवाज, धापा टाकत. "तुझं नाही ते. मले सापडलं!"

आणि पोर रडलं. त्या दिवसातलं पहिलं रडणं.

अक्का माझ्यासमोर आली. "घेतो का बाई? खराब माल आहे. नाक चपटं."

कोंड्याचं मडकं आतच राहिलं होतं. हे तरातरा आत गेले आणि पायली भरून निवडलेले तांदूळ घेऊन आले. सगळ्यात चांगले, सणाला ठेवलेले.

अक्कानं त्यांच्या हातावर चापट मारली. "तांदूळ? येडा झाला का? एवढी किंमत लावली तर ऐकणारा समजून जाईल ना! कोंडा आण!"

हे कधी नाही ते वरमले. निमूटपणे कोंडा आणला.

दुपारी पोरानं ओढायला सुरुवात केली. आधी दोन घोट, मग थांबला, मग पुन्हा. मी घोट मोजत बसले होते. हे दारात आले. "पिऊन राह्यला का?"

"काय पितो तो पेंटय्या," मी तोंड वाकडं करून म्हणाले आणि पदर ओढून त्याला झाकलं.

यांनी एकदा परसाकडे पाहिलं. मग शेजारीही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले वाटलंच. एकदम फालतू पोरगं आहे."