शेऱ्याचा रकाना

दुष्काळात मेहकरच्या मदत छावणीत मी नोंदणी कारकुनांच्या हाताखाली होतो. परगावहून आलेल्यांची नोंद ते मोत्यासारख्या अक्षरात करत. वाचायला लागले की ओळ अर्धी सोडत नसत. सरकारी अर्ज लिहायला मला त्यांनीच शिकवलं.

नाव नोंदवताना एका बाईनं हात जोडले, "भाऊ, माह्या सासरी सांगू नका. मारून टाकतीन मले."

"हाव बाई," म्हणत त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहिलं.

आठवड्यानं तिचा दीर विचारत आला. त्यांनी वही उघडून नाव, गाव, तंबू वाचला, आणि पुढे, "सासरी सांगू नये."

दीर हसला आणि तंबूंकडे निघाला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. "सरकारी कागद हाय बे, लपवू कसा?" म्हणत त्यांनी मान खाली घालून वही मिटली.

मीही जागचा उठलो नाही.