सहाला कुणी रिसीव्हर उचलू नका

तास चालू असताना कुणी वर्गाच्या दारात येऊन उभं राहिलेलं मला खपत नाही, हे आमच्या श्रीगोंद्याच्या कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या सकाळी शिपाई दारात दिसला तेव्हा मी आधी रागावलोच. तो चौकट धरून उभा. बाहेर गेल्यावर म्हणाला, "घोडके सर वारले. दौंडला नेताना, जीपमध्येच." सतीश घोडके माझा मित्र. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा, मी मराठी. दोघेही काष्टीचे, त्याच्याच स्कूटरवरून रोज बरोबर यायचो. त्या दिवशी छातीत जळजळतंय, पित्त झालं असेल म्हणून तो घरी थांबला आणि मी एसटीने आलो. येताना त्याच्या अंगणात डोकावून, सुट्टी मारायला बरं निमित्त शोधलंस, असं म्हणालो होतो. तो हसला होता... चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

आता काही आठवडे झाले. सरांवर लिहा, असं विद्यार्थी म्हणतात. तो शिक्षक कसा होता हे त्यांनीच लिहावं, त्याच्या विषयातलं मला ओ की ठो कळत नाही. मला ठाऊक आहे तो त्याचा हट्ट, आणि त्या हट्टाला मी सबंध पावसाळाभर दिलेल्या शिव्या. हट्ट होता एका मोडेमचा. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरला इंटरनेट जोडून देणारी ती वस्तू, तळहाताएवढी.

पण त्या मोडेमच्या मागे एक जुनं दुःख होतं, ते आधी सांगायला हवं. सतीशची थोरली बहीण संगीता मस्कतला एका दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे वडील अचानक गेले. काष्टीच्या बूथवरून परदेशी फोन लागता लागेना. तार केली ती कुठे फिरत बसली देव जाणे. शेवटी सतीशचं पत्र तिच्या हातात पडलं तोवर इकडे अंत्यसंस्कारच काय, दिवसांचं पुण्यानुमोदनसुद्धा होऊन गेलं होतं. वडिलांचं तोंड तिला बघायला मिळालं नाही. त्याची आई, म्हणजे आमच्या सरूमावशी, तेव्हापासून एकच घोकत होत्या, की पोरीला कळवायला पाहिजे होतं. त्यांना ऐकू कमी येतं. पुढे घरात फोन आला, संगीता अधूनमधून फोन करायची, पण मावशी इकडून मोठ्याने "हॅलो, हॅलो" म्हणायच्या आणि काही कळलं नाही की रिसीव्हर सतीशच्या हातात देऊन डोळे पुसायच्या. यंदा संगीताच्या नर्सांच्या हॉस्टेलात कॉम्प्युटर आले. तिने कळवलं, मला ईमेल करत जा, मी रोज बघीन. सतीशने लगेच एक जुना कॉम्प्युटर आणला आणि पुण्याच्या बुधवार पेठेतून मोडेम आणला.

इथे सगळं संपायला हवं होतं. श्रीगोंदा तालुक्यात तेव्हा जितके कॉम्प्युटर होते ते सगळे विकत न घेता एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या विंडोजच्या सीडीवर चालत होते. आमच्या कॉलेजच्या ऑफिसातली सीडी तर इतक्या घरांतून फिरली होती, की तिच्यावर कुणाकुणाच्या चहाचे डाग होते. मी तीच सीडी सतीशला आणून दिली. त्याने ती उलटसुलट करून बघितली आणि मला परत दिली. त्याने विंडोजऐवजी एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी लावली होती. ती म्हणे जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी. आणि त्याच्या त्या मोडेमची गंमत अशी, की तो अर्धवट डोक्याचा निघाला. त्याचं निम्मं काम विंडोजनेच करायचं, अशी त्याची घडण. लिनक्सवर तो म्हणजे नुसता पत्रा. मी म्हणालो, अरे मग लाव की ती सीडी, सगळं जग लावतंय. तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही.

"जोश्या, सकाळ-संध्याकाळ आईशेजारी बसून मी पंचशील म्हणतो. न दिलेलं घेणार नाही, असं रोज म्हणतो. आणि त्याच खोलीत ही लावू?"

मी थट्टा केली. म्हणालो, बुद्धांच्या वेळी सीडी नव्हत्या. तो चिडला नाही. चिडल्या त्या मावशी. वंदना त्यांनीच त्याला शिकवलेली, पण लेकीसाठी त्यांचा जीव तुटत होता. जेवताना त्यांनी ताटावरून त्याच्याकडे बघितलं. "शील तुजं लई मोठं हाय, मला काय कळत न्हाई व्हय? पन पोरगी माजी हाय. ह्या खेपंला बी तिला काय कळलं न्हाई, तर मी काय करू?" सतीशचा घास तसाच राहिला. तो म्हणाला, "आई, वर्षावास संपेपर्यंत येळ दे मला. न्हाई जमलं तर जोशी आनतील ती सीडी मी लावीन." वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंतचे पावसाळ्याचे महिने. त्या दिवसांत त्यांच्या विहारात रोज ग्रंथवाचन असतं. शब्दाला तो पक्का होता, म्हणजे पौर्णिमेला तो ती सीडी खरंच लावणार, आणि मग मनातून किती मोडणार, हे मला दिसत होतं. त्या दिवसापासून मी थट्टा कमी केली. बंद नाही केली.

पुढचे महिने त्याने काय काय केलं ते मला नीटसं सांगता येणार नाही. मोडेमला लिनक्सशी बोलायला शिकवणारा जो छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, एवढं मी शिकलो. हा ड्रायव्हर इंटरनेटवर कुठेतरी मिळेल, असं त्याला कळलं. आता इंटरनेट लागायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं! नगरला नवं इंटरनेट कॅफे निघालं होतं. रविवारी हा एसटीने नगरला जायचा आणि फ्लॉप्या घेऊन यायचा. धुळीने फ्लॉपी खराब होते म्हणून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून आणायचा, तरी निम्म्या वेळा घरी येईतो त्या वाचता येत नसत. एकदा डब्याला लोणच्याचं तेल राहिलं होतं... तो दिवस त्याच्यासमोर हसायचा नव्हता, मी अंगणात जाऊन हसलो. शेवटी ज्या कंपनीने मोडेममधली चिप केली होती, तिनेच लिनक्ससाठीचा ड्रायव्हर लोकांना वापरायला दिला. दिला, हे महत्त्वाचं. डबा छातीशी धरून तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "दिलाय रे त्यांनी. स्वतःहून दिलाय."

तो ड्रायव्हर दुसऱ्याच आवृत्तीसाठी होता. तोही त्याने रेटून बसवला. मोडेम जिवंत झाला, पण नंबर फिरवेना. सारखी एकच तक्रार करी, की डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ ऐकू यायचा. सतीश हैराण झाला. पौर्णिमा अगदी तोंडावर आली होती. मग एका संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं, की हे यंत्र अमेरिकेच्या टोनवर वाढलेलं, आमच्या एक्स्चेंजचा टोन त्याला टोनच वाटत नाही. एक अक्षर आणि एक आकडा घालून त्याला सांगता येत होतं, की टोनची वाट बघू नको, सरळ नंबर फिरव. तेवढं टाइप करून सतीश माझ्याकडे वळला. "ओळख पटंस्तवर थांबला असता तर जन्मभर थांबला असता," तो म्हणाला. ते तो मोडेमबद्दलच बोलला असेल. पण मला त्याचे कॉलेजातले सुरुवातीचे दिवस आठवले, आणि स्टाफरूममध्ये कोण त्याच्याशेजारी चहाला बसायचं नाही, तेही आठवलं.

मोडेमने नंबर फिरवला. मग ती किरकिर, खरखर, शिट्ट्या, जशी कुणी पत्र्यावरून साखळी ओढावी... आणि एकदम शांत. लागला होता. सतीशने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. आणि तेवढ्यात लाईन तुटली. आम्ही आतल्या खोलीत धावलो, तर मावशी तिथला फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून उभ्या. "संगीता, बोल गं बाई, बोल," असं म्हणत होत्या. फोनवरचं बोलणं त्यांना ऐकू येत नसे, पण मोडेमचा तो कर्कश आवाज त्यांना दोन खोल्यांवरून ऐकू आला होता, आणि त्यांना वाटलं, लागला म्हणजे लेक बोलणार. सतीशने त्यांच्या हातातला रिसीव्हर हळूच काढून ठेवला. म्हणाला, "आई, ती बोलनार न्हाई, ती लिव्हनार. हा आवाज आला का कुनी उचलायचं न्हाई." मग पुन्हा नंबर फिरवला. तोवर मावशी फोनवर तळवा दाबून बसल्या, जणू तो आपसूक उठेल.

संगीताची पहिली मेल इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होती. सतीशने ती ओरडून वाचली, शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असेल. मावशींनी ती पुन्हा वाचायला लावली, आणि परत एकदा. वर्षावास अजून संपायचा होता. कॉलेजची सीडी मी ऑफिसात परत नेऊन दिली.

नंतर त्याने असं करून ठेवलं, की रोज संध्याकाळी सहाला कॉम्प्युटर आपोआप नंबर फिरवेल, आलेली मेल घेईल, लिहून ठेवलेली पाठवेल. मोडेमचा आवाज बंद करता येतो, पण त्याने तो मुद्दाम सगळ्यात मोठा ठेवला. आईला कळलं पाहिजे, म्हणाला. मला त्याने फक्त मेल लिहून ठेवायला शिकवलं. मी म्हणालो, मला कशाला? तर म्हणे, असू दे.

त्या दिवशी श्रीगोंद्याहून मी परत आलो तेव्हा त्याला अंगणात ठेवलं होतं. घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, बूथवरून मस्कतला फोन लावून लावून पोरं थकली. हॉस्टेलात कुणीतरी उचलायचं, भाषा कळायची नाही, निरोप पोचला की नाही कुणास ठाऊक. वडीलधारी मंडळी उजेड आहे तोवर उरकून घेऊ म्हणायला लागली. मावशी त्याच्या उशाशी बसून होत्या. मी आत गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो. आयुष्यभर मराठी शिकवली, पण सतीश गेला हे इंग्रजी अक्षरांत लिहिताना माझी बोटं चालेनात. लिहून ठेवलं. ते आपल्या हाताने लगेच कसं पाठवायचं, हे मला येत नव्हतं. बाहेर येऊन हात जोडले आणि म्हणालो, सहापर्यंत थांबा.

सहा वाजायच्या आत मावशी उठल्या. अंगणातून, त्याच्या उशापासून उठून आत गेल्या आणि फोनवर तळवा ठेवून बसल्या. सहाला तो आवाज आला... ज्याने तो लावला तो बाहेर निजलेला. मी उभ्याने रडलो, मला लाज वाटली नाही. बऱ्याच वेळाने फोनची घंटी वाजली. मी घेतला. संगीता होती. फक्त "थांबवा त्याला, मी येते," एवढंच म्हणाली. तिच्यासाठी सगळे थांबले. दुसऱ्या दिवशी तिने भावाचं तोंड बघितलं. घरातलं माणूस गेल्याची बातमी तिला वेळेत कळावी म्हणून त्याने हे सगळं केलं होतं, आणि त्या तारेवरून पहिली तशी बातमी गेली ती त्याचीच.

आता मी रोज संध्याकाळी मावशींकडे जातो. संगीताची मेल असते, ती मी ओरडून वाचतो, सतीशइतकं मोठ्याने मला जमत नाही. त्या सांगतात ते लिहून ठेवतो. जानेवारीत दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, असं सध्या सगळे बोलतात, ते त्यांच्याही कानावर गेलं. काल मला म्हणाल्या, "एक तारखेला बी लागंल न्हवं?" मला काय ठाऊक. मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, की सतीश लागंल म्हनला हुता. मग सहा वाजत आले, तशा त्या उठल्या आणि फोनवर तळवा ठेवून बसल्या.