पदार्थांचे शास्त्रज्ञ

आमच्या चौकात एका थोर शास्त्रज्ञाचा पुतळा आहे. खाली पाटी आहे, ‘पदार्थविज्ञानाचे महान संशोधक’. देशाने त्यांचं टपाल तिकीट काढलं, शहराने रस्त्याला नाव दिलं. आज त्यांची जयंती. सकाळी पाहुणे आले, हार घालून, भाषणं करून गेले. मग समोरच्या गाडीवरच्या शांताबाईंनी पहिल्या घाण्यातले दोन वडे द्रोणात घालून पुतळ्याच्या पायाशी ठेवले आणि हात जोडले.

“हे काय हो?” मी विचारलं.

“पदार्थांचे शास्त्रज्ञ ना, सर? म्हणजे आमच्याच धंद्यातले!”

मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. चूक सुधारायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाईंनी माझ्या हातावर वडा ठेवला.

“जपून हं. वरून गार लागतो, पण आत वाफ कोंडलेली असते.”

मी हसलोच. उष्णतेचा हाच धडा वर्गात समजावताना माझे खडूच्या खडू झिजायचे. तिकिटावरचा, पाटीवरचा तो मोठा माणूस आज पहिल्यांदाच मला शेजारचा वाटला. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. चूक सुधारायला उघडलेलं तोंड मग वड्याच्या कामी आलं.