येळवशीला गेलेला दगड

ती चोरी मी अजून विसरलो नाही, आणि या जन्मी विसरणारही नाही. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, तरी कुणी म्हणालं की जमादार, एखादी केस सांगा, तर माझ्या डोळ्यापुढं पहिल्यांदा एक दगड येतो.

मी सातवी पास, ती बी दुसऱ्या खेपेला. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार होऊन घरी आलो. इंग्रजी येत नाही. पण माझ्या हातच्या पंचनाम्यात वकिलाला कधी भोक सापडलं नाही. यात गर्व वाटला तर वाटू द्या, खरं ते खरं.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत, मुखेडच्या अंगाला, माळावर एक छोटी औद्योगिक वसाहत आखलेली होती. आखलेली म्हणजे प्लॉटचे दगड रोवलेले, रस्त्याला खडी टाकलेली आणि मोठी पाटी लावलेली. विजेचे खांब आले होते, नळाचं पाणी आलं नव्हतं. निम्म्या प्लॉटांवर बाभळी. एका शेठचा पशुखाद्याचा कारखाना तेवढा धडधडत होता, आणि त्याला लागून पत्र्याच्या शेडात शेजारच्या गावातल्या एका सुनेनं डाळ मिल मांडली होती.

या बाईचा नवरा पुण्याला कंपनीत कंत्राटावर होता. दिवाळीला यायचा, पाडवा झाला की बॅग उचलायचा. घरी सासू, सासरा आणि जिरायत रान. बाई बोलायला फटकळ. म्हणायची, "तूर आपल्या रानातली. ती लातूरला जाऊन डाळ व्हती आन् पिशवीत बसून आपल्यालाच इकत येती. ह्यो कुठला न्याय? डाळ हितंच करू, म्हंजे मालक बी हितंच ऱ्हातील."

मालक म्हणजे तिचा नवरा. सगळी खटपट त्याला पुण्याहून परत आणायची होती. पण वसाहतीचा नियम असा, की ठरलेल्या मुदतीत माल निघाला पाहिजे, नाहीतर प्लॉट सरकारजमा. तिची मुदत संपत आली होती. येत्या सोमवारी नांदेडहून तपासणीचे साहेब यायचे होते. त्या दिवशी चक्की फिरली तर प्लॉट राहणार, नाहीतर गेला.

त्या सोमवारच्या आधी आली येळवस. आमच्याकडं नांदेड-लातूरच्या भागात वेळ अमावस्येला गावात माणूस शोधून सापडत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून बसवायचे, पूजा करायची आणि येईल त्या पाहुण्याला पालेभाज्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील वाढायची. दुकानं बंद, वसाहत बंद. चोराला याहून चांगला दिवस नाही, म्हणून आम्हाला त्या दिवशी गस्त असते. पण रस्त्यावरच्या प्रत्येक शेतातून हाक येते, "ओ जमादार, जेवून जावा!" भरल्या पोटी गस्त कशी होते ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ठाण्यात उभी.

"जमादार, चोरी झाली. माझा दगड गेला."

ठाणे अंमलदार पोरगा नवा होता. तो खुदकन हसला. "दगड बी जाऊन राहिले व्हय चोरीला? माळावर या वैनी, पायजे तेवढे देतो."

"हासा," बाई म्हणाली. "तुमच्या घरी वरण व्हतंय का न्हाई? ते त्या दगडाबिगर व्हत न्हाई."

तूर भरडायच्या चक्कीला दोन गोल दगड असतात. खालचा बसून राहतो, वरचा फिरतो. वरच्याला नुकतीच टाकी लावून घेतली होती, म्हणजे छिन्नीनं रेघा पाडून घेतल्या होत्या, आणि तो भिंतीला टेकवून ठेवला होता. येळवस झाली की बसवायचा. तसला दगड आमच्या भागात मिळत नाही. बाहेरून मागवला तर सोमवार हातचा जाणार.

"कुणावर संशय?"

"दुसऱ्या कुनावर? शेठवर. मला तोंडावर म्हनले, बाई, तुम्हाला झेपायचं न्हाई, प्लॉट आम्हाला सोडा."

गुन्हा दाखल केला आणि दोन पंच घेऊन शेडात गेलो. मी घटनास्थळी पहिल्यांदा काय गेलं ते बघत नाही, काय राहिलं ते बघतो. कुलूप शाबूत, कडी शाबूत. मोटर जाग्यावर. तिच्यातली तांब्याची तार कुठलाही भंगारवाला हसत घेतो. वजनं, पट्टा, पाने, सगळं होतं. ज्याला विकून खायचंय तो मोटर सोडून दगड नेत नाही. आणि कुलूप किल्लीनं उघडलेलं. किल्ली बाईच्या घरी खुंटीला असायची.

तरी शेठला बोलावला. कायद्यानं बोलावायलाच पाहिजे. तो भडकला.

"जमादार, प्लॉट मला पायजे, हे मी लपवून ठेवलं न्हाई. पण तिची मिल सोमवारी चालू होईल असं माझ्या सपनात बी नव्हतं. मग मी कशाला चोरू? आन् चोरून करू काय, उशाला घेऊ?"

येळवशीला तो लातूरकडं बहिणीच्या रानात जेवायला होता. खात्री केली, खरं निघालं.

खबर मिळाली ती वसाहतीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी लावणाऱ्या म्हातारीकडून. येळवशीला टपरी बंद ठेवून ती सकाळी चालत लेकीच्या रानात निघाली होती. चहा गाळता गाळता म्हणाली, "मी काय कुनाचं नाव घेत न्हाई बाबा. पन तिच्या सासऱ्याची बैलगाडी शेडापुढं उभी व्हती. वर कडबा व्हता. खाली काय व्हतं, देवाला ठावं."

सासऱ्याला बोलावलं. म्हातारा धोतर नेसून, पटका बांधून आला, जणू सोयरिकीला निघालाय. बाकड्यावर ताठ बसला. चहा मागवला, तर शिवला नाही. त्यानं नाही घेतला म्हणून मी पण घेतला नाही. मी काही कमी हट्टी नाही.

"येळवशीला गाडी शेडापुढं उभी होती?"

"आसंल."

"कशाला?"

"बैलाला पानी पाजाया."

"बाबा, तिथं नळ आलाय कुठं? तुमची सून घरून बॅरल भरून नेती."

म्हाताऱ्यानं पटका नीट केला. "गाडीत घागर व्हती."

"ती तर आंबिलीची."

"मग बैलानं आंबील पिली. सनाच्या दिवशी बैलानं काय फकस्त पानी प्यावं?"

ठाणे अंमलदारानं तोंडाला रुमाल लावला. मी म्हटलं, "खरं सांगा. सून रडून राहिली."

हे ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरले. पण मान वळवून तो भिंतीवरच्या फरारी आरोपींच्या फोटोंकडं बघत बसला. मग म्हणाला, "मला आत टाका."

"कशासाठी?"

"ते तुम्ही हुडका. पगार कशाचा घेता?"

म्हाताऱ्या माणसाला हात लावायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. आणि हट्टी माणसाला प्रश्न विचारून उपयोग नसतो. त्याच्या सोबत चालावं, तो चालता चालता स्वतःच सांगतो. म्हटलं, चला, घरापर्यंत सोडतो. मुद्दाम रानातल्या वाटेनं घेतलं.

मी पण शेतकऱ्याच्या पोटचा. येळवस झाली की कोपीचा कडबा कुणी वाया घालवत नाही, सोडून जनावरांना टाकतो. वाटेतल्या सगळ्या रानांतल्या कोपी मोडलेल्या होत्या. म्हाताऱ्याच्या रानातली तेवढी उभी. वर तोंडाला शाल लावलेली. आणि बांधावर पाय ठेवायच्या आधीच म्हाताऱ्यानं चपला काढल्या. सण उरकल्यावर एवढ्या लांबून कुणी चपला काढत नाही.

मी पण बूट काढले आणि शाल बाजूला केली. पुढं पाच पांडव, मुठीएवढे. त्यांच्यामागं परातीएवढा एक गोल देव. चुन्यानं पांढराफेक, तांबड्या कावेची बोटं ओढलेली, मधोमध नारळ बसवलेला. नारळ उचलला, तर खाली भोक. चुन्याखालून टाकीच्या रेघा दिसत होत्या.

म्हातारा मागं बांधावर मटकन बसला.

"पोरगी सोमवारच्या घोरानं जेवंना झाली व्हती," तो सांगू लागला. "मला वाटलं, पांडवांनी आमचं रान राखलं, तिची चक्की बी राखतील. म्हनून शेजारी बसविला. चक्की चालली तर माझं पोरगं वापस येईल ना, जमादार. सांजच्याला नेऊन ठेवनार व्हतो."

"मग ठेवला का नाही?"

"कसा ठिवू? सगळं गाव पाया पडलं. निवद झाला. आता देव झाला की त्यो! देवाला मोटारीवर गरगरा फिरवू? सुनंला सांगावं तर ती म्हनंल आना हिकडं, आन् बसवंल चक्कीत. त्याचं पाप कुनाला लागंल? माझ्या पुन्यातल्या लेकराला."

म्हणजे ज्या पोराला परत आणायचं त्याच्याच काळजीनं म्हातारा गप्प होता. माझ्या नोकरीत मी चोराला घाम फोडला आहे. पण ज्यानं देवाच्या भीतीनं तोंड मिटलंय, त्याला कुठलं कलम लावायचं? मी पण बांधावर त्याच्याशेजारी बसलो. मग मला आमच्या ठाण्यातली खंडेनवमी आठवली.

"बाबा, खंडेनवमीला आम्ही काय करतो, माहीत आहे?"

"काय करता?"

"सगळ्या रायफली मांडतो. हळद-कुंकू, झेंडूचा हार."

"निवद?"

"पेढ्याचा."

"पाया पडता?"

"मोठ्या साहेबासकट."

"आन् दुसऱ्या दिशी?"

"दुसऱ्या दिवशी तीच रायफल खांद्याला लावून बंदोबस्ताला. उन्हात उभी राहती बिचारी. ती कधी म्हणाली नाही, की काल देव होते, आज कामाला कशाला जुंपता."

म्हाताऱ्यानं हरभऱ्याचा एक शेंडा खुडला. मला वाटलं, आता हा म्हणणार की पोलिसाचं पाप पोलिसाला. पण तो म्हणाला, "कामाचाच देव हाय म्हना त्यो."

"कामाचाच."

"पन उठवावा लागंल. तसा न्हाई हालवायचा."

"उठवू की. गणपती उठवतो तसा."

सुनेला आणि दोन्ही पंचांना फोन करून बोलावलं. सून धावतपळत आली, कोपीत वाकली आणि आहे तिथंच थबकली.

"मामा! आवो, मीच ह्याला निवद दाखविला! मी ह्याच्याच म्होरं हात जोडून म्हनलं, सोमवारी माझी चक्की चालू दे!"

"मग चालंल की," म्हातारा म्हणाला. "मागितलंस न्हवं? मग चालंल."

बाईला हसावं की चिडावं कळेना. शेवटी पदरात तोंड खुपसून ती अशी हसली, की म्हाताऱ्याच्या तोंडावर पण हसू आलं. मग घरून दहीभात आला. म्हाताऱ्यानं अक्षता टाकून दगड तीनदा जागचा हलवला आणि हात जोडून म्हणाला, "चला देवा, कामाला." माझे दोन्ही पंच साक्षीला होते. दोघंही येळवशीला त्याच कोपीपुढं बसून भज्जी ओरपून गेलेले. एक म्हणाला, "जमादार, मी तर त्याला नवस बी बोललो. आता कुठं फेडू, मिलमध्ये?"

ठाण्यात परत आलो तर साहेबांचा हुकूम, मुद्देमाल जप्त करून जमा करा. साहेब तरुण, कायद्याचे पक्के. पण जप्त केलेला माल कोर्टाच्या हुकमाशिवाय सुटत नाही. तोवर सोमवार येऊन जाणार. मी म्हटलं, "साहेब, दगड तिचा, रान तिच्या घरचं, नेणारा तिचा सासरा. इकडून तिकडं ठेवला. लबाडीचा इरादा नाही, तिथं चोरी कसली?" साहेब म्हणाले, "तुम्ही मला कायदा शिकवता?" म्हटलं, "नाही साहेब. मी सातवी पास. मी फक्त दगड उचलून आणणार नाही." साहेबांनी केसचे कागद पुढं ओढले. मग त्यांनी फिर्यादीचा पुरवणी जबाब घ्यायला सांगितला आणि कोर्टाला ‘क’ समरी पाठवली. ‘क’ समरी म्हणजे गुन्हा खराही नाही, खोटाही नाही, गैरसमजुतीतून नोंदला गेला. एवढी गोड ‘क’ समरी मी दुसरी पाहिली नाही.

सोमवारी मी मुद्दाम गेलो. वर्दीवरच गेलो, कुणी विचारलं तर बंदोबस्त म्हणून. नांदेडचे साहेब आले. बाईनं बटण दाबलं. पट्टा आधी कुरकुरला, मग दगड फिरला आणि पिवळीजर्द डाळ खाली पडू लागली. साहेबांनी दाणा दाताखाली चावून बघितला आणि मान हलवली. शेठ दारात उभा होता. मला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलणार. तो म्हणाला, "बाई, चुनी आन् टरफल बाहेर कुनाला देऊ नका. माझ्या पशुखाद्याला लागतं, मी घेतो." बाई म्हणाली, "भाव आधी ठरवा." एका शेडचा कचरा दुसऱ्या शेडचा माल झाला. उद्योग वाढतो म्हणजे काय, ते मला तिथं उभ्या उभ्या समजलं.

आमचा भाग मागास का, यावर लोक भाषणं करतात. रस्ता पाहिजे, वीज पाहिजे, पाणी पाहिजे. खरं आहे, ते पाहिजेच, आणि तो नळ यायला फार उशीर लागला हेही लिहून ठेवतो. पण मला या केसनं एक वेगळी गोष्ट शिकवली. घरचं म्हातारं माणूस यंत्राला जोवर परकं समजतं, तोवर ते शेड माळावर एकटंच असतं. या म्हाताऱ्यानं चक्कीला पांडवांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. चुकला तो, पण त्यानं तिला घरात घेतलं. पोलिसाला गुन्हा तेवढा दिसतो. त्याच्यामागची माया दिसायला मला बूट काढून कोपीत वाकावं लागलं.

मुलगा पुढच्या दिवाळीला आला तो परत गेला नाही. आता माल तोच आणतो, हिशेब बाई बघते, आणि म्हातारा शेडच्या दारात बाज टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला मिल दाखवतो. मी रिटायर झालो तरी येळवस आणि खंडेनवमी, दोन्हींची आवतणं चुकत नाहीत. खंडेनवमीला चक्की बंद असते, दगडाला झेंडूचा हार असतो. मागच्या वेळी पेढा खाऊन निघालो, तर म्हातारा बाजेवरून ओरडला, "जमादार, उद्या बी या, चक्की चालू असताना. आज काय, आज त्याची सुट्टी हाय."