टेकडीवरची झाडी आणि शेरूचे गोचीड

मंडळी, आज सकाळी टेकडीवरून आलो, तर आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या, कानांत पुन्हा गोचीड. त्याला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठून फिरवता?"

"झाडीतून."

"उघड्या गवताकडून फिरवा. उन्हात गोचीड फारसे टिकत नाहीत. दाट सावली आणि ओला पाचोळा त्यांना मानवतो."

ती झाडी आमच्याच वॉकर्स ग्रुपने वाढवली. पाचोळा उचलू नये, ही पाटीही आमचीच. भटक्या कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडंही आम्ही त्याच सावलीत ठेवलंय.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. ग्रुप चालवणाऱ्या जोशीकाकांचं उत्तर आलं, "अहो, मग कुत्रा घरी ठेवा." पाठोपाठ त्यांचाच दुसरा मेसेज: रविवारी उघड्या गवतावर वृक्षारोपण, सर्वांनी यावे.

तुमच्या टेकडीवर नुसतं गवत शिल्लक आहे का? असेल तर मला कळवा. जोशीकाकांना नको.