बाटलीवरची हंसा

जपानी कुकने सोया सॉसच्या लेबलचं प्रूफ बघितलं आणि टेबलावर पालथं घातलं. मुंबईतल्या त्याच्या हॉटेलची ऑर्डर त्याच्या होकारावर अडली होती. शेठ माझ्याकडे बघायला लागले, मी कुककडे.

"कोण मेलंय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

लेबलवरची मुलगी खरंच गेली होती. पण याला कुणी सांगितलं?

त्याने स्वतःच्या कोटावर दाखवून समजावलं. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू वर येते. उजवी बाजू वर फक्त प्रेताला घालताना.

मी डहाणूची कमर्शिअल आर्टिस्ट. पापड, लोणची, साबण, सगळ्यांची लेबलं केलेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तलासरीचे हे शेठ सोया सॉस काढत होते. सोयाबीन आंबवून केलेला तो काळा, खारट सॉस. "बाटली बघून जपान दिसलं पाहिजे, बेन!" मी कुठे जपान पाहिलंय, कप्पाळ! लायब्ररीतल्या एका पुस्तकातून लाटा घेतल्या, पंखा घेतला. बाईच्या चित्रासाठी बाटल्या भरणाऱ्या हंसाला समोर बसवलं. वरोरची पोर, घरची मासेमारीची होडी. उंच मान, डाव्या गालावर तीळ. किमोनो म्हणून माझा जुना गाऊन तिला दिला.

"बाई, आय बघेल तर बोलेल, गोधडी गुंडाळून कुठं निघाली!" म्हणून नुसती खिदळत होती. बायकांच्या गाऊनची उजवी बाजू वर येते. दिसलं तसं मी काढलं.

प्रूफ यायच्या आत हंसा काविळीने गेली. एवढी धडधाकट पोर! मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही.

तिची आई माझ्या दारावर मासे घेऊन यायची. दिवसकार्य झाल्यावर आली ती टोपली न घेताच.

"बाई, पोरीचा एक फोटो नाय आमच्याकडं. तुमच्या बाटलीवर हाय म्हणतात."

"छापून आलं की पहिलं लेबल तुमचं, मावशी," मी म्हटलं.

आणि आता हा कुक असा अडून बसलेला.

"नवीन चित्र काढायचं?" शेठनी विचारलं. मला तो चेहरा पुन्हा काढवला नसता.

"नको. फिल्म उलटी लावू."

छपाईच्या आधी चित्राची फिल्म काढतात. ती उलटी लावली की चित्र आरशातल्यासारखं फिरतं. अक्षरांची फिल्म वेगळी असते, ती सरळच ठेवायची. किमोनोची डावी बाजू आपोआप वर आली. कुकने मान डोलावली, शेठनी पेढे वाटले.

पहिलं लेबल घेऊन मी वरोरला गेले. मावशींनी पदराला हात पुसले, लेबल उजेडात धरलं.

"ही माझी नाय."

"अहो, हंसाच आहे."

"तीळ या गालावर होता." त्यांनी स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं.

जुनं प्रूफ पिशवीत होतं, ते काढून दिलं.

"हीच! हीच माझी हंसा. मग ही का नाय लावली?"

खोटं बोलवेना. "मावशी, जपान्यांच्यात असा कपडा फक्त गेलेल्या माणसाला घालतात."

आता ही बाई प्रूफ तोंडावर फेकणार, असं वाटलं. त्यांनी मात्र प्रूफ आणि लेबल शेजारी शेजारी धरलं.

"मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "हीच द्या मला. ती दुसरी राहू दे बाटलीवर. ती जिती हाय."

मी बाहेर येऊन वाळत घातलेल्या बोंबलांपाशी उभी राहिले आणि मनसोक्त रडले.

सॉस पुढे चालला नाही. शेठ फरसाणात शिरले, त्याची लेबलंही मीच केली. धडा म्हणाल तर एवढाच: ओळखीच्या माणसाच्या चित्राची फिल्म उलटी लावू नये. जड गेलं तरी चित्र नवीन काढावं.