नकाशावरचे सातशे मीटर

मोहनराव शिर्के यांनी इंदूरला सांवेर रोडच्या कारखान्यांत चौतीस वर्षं यंत्रं बसवली आणि पातळी तपासल्याशिवाय एकही पाया मान्य केला नाही. अशा माणसाला भोपाळमधला हा चढाचा रस्ता म्हणजे निव्वळ बेपर्वाई वाटली.

"हे गाव वसवताना लेव्हल कोणी बघितलीच नाही का?" ते धापा टाकत म्हणाले. पाठीवर तीन वर्षांची पूर्वा होती, हाताला सहा वर्षांचा अभिराम लोंबकळत होता.

त्यांची मुलगी ऋजुता वर टेकडीवरच्या कॉलेजात मुलाखतीला गेली होती. जावई पुण्याला. सकाळीच तिने बजावलं होतं, "बाबा, नोकरी मिळाली तर इथे मुलांना तुम्हीच सांभाळायचंय. आज दोन तास जमवून दाखवा. नाही जमलं तर फोन करा, मी नोकरीला 'नको' सांगून निघून येईन."

"दोन पोरं तर आहेत! तळं दाखवतो आणि एक वाजता गेटवर हजर," मोहनराव तोऱ्यात म्हणाले होते.

तळ्यापासून कॉलेज नकाशावर सातशे मीटर दिसत होतं. इंदूरच्या हिशेबाने दहा मिनिटं. चढाबद्दल नकाशाने अवाक्षर काढलं नव्हतं.

"आजोबा, मी थक गया." अभिरामने रस्त्याकडेला फतकल मारली.

"थकलो म्हण. आणि ऊठ."

"तुमच्या आजोबांचे आजोबा होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते ना? मग आपला घोडा कुठे गेला?"

घोडा त्या क्षणी पूर्वाच्या लाथा खात होता. तिला खाली उतरायचं होतं. उतरवलं, तर तिला वर यायचं होतं. एक वाजायला वीस मिनिटं होती. मोहनरावांनी खिशातून मोबाईल काढला. ऋजुताचं नाव समोर आलं, अंगठा त्यावर थांबला. मग त्यांनी चिडून मोबाईल परत खिशात कोंबला.

"अरे यार, तीन टनांची मशीन चढवली मी, आणि तुम्ही दोघं ऐकत नाही?"

"मशीन कशी चढवली?" अभिरामने विचारलं.

"तिरकी. सरळ ओढली तर घसरते. दहा पावलं झाली की मागे ठोकळा लावायचा."

"मी ठोकळा लावतो!"

मग ती वरात नागमोडी निघाली. दर दहा पावलांना अभिराम "ठोकळा!" ओरडे आणि आजोबांच्या टाचेमागे स्वतःचा बूट अडकवी. पूर्वा पाठीवरून चुकीचे आकडे मोजत होती, त्यामुळे दहा पावलं कधी चार होत, कधी सतरा.

एक वाजून पाच मिनिटांनी ते गेटवर पोचले. ऋजुता वाट बघत होती.

"निवड झाली, बाबा. आत्ताच कळवायचंय." तिने त्यांचा चेहरा निरखला. "खरं सांगा, जमेल?"

त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या.

"जमायला काय झालं? जा, हो म्हणून ये," ते खेकसले. "घर मात्र सपाटीवर बघ. असेल या गावात कुठे तर."

ती आत वळली. अभिरामने आजोबांचे पाय पाहिले आणि गुपचूप आपला बूट त्यांच्या टाचेमागे सरकवला.